कापलेल्या लादीची जागा

न्हाणीघराच्या भिंतीवर लाद्या कशा मांडाव्या, हा विषय वाङ्मयविषयक मासिकाच्या पानांत आलेला पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. नीतिविचारच करावयाचा तर त्यासाठीं दान, दंड, राज्य, समाज असे भारदस्त विषय थोडे आहेत काय, असेंहि कोणी विचारील. परंतु आमची अशी समजूत आहे कीं, न्यायाचे प्रश्न आपल्या मोठ्या वेषांत समोर आले म्हणजे आपलें मन आधींच एका बाजूस झुकलेलें असतें. जात, पक्ष आणि हितसंबंध यांनीं तें बांधलेलें असतें, आणि मग विचार म्हणून जें चालतें ती पुष्कळदां वकिलीच असते. तेच प्रश्न एखाद्या क्षुद्र वस्तूच्या रूपानें आले तर त्यांकडे शांतपणें पाहतां येतें. लादीला जात नाहीं आणि भिंतीला पक्ष नाहीं. शिवाय घर बांधणाऱ्या किंवा जुनें न्हाणीघर नवें करूं इच्छिणाऱ्या गृहस्थास हा विचार प्रत्यक्ष उपयोगीहि पडण्यासारखा आहे; आणि उपयोगी पडणारें तत्त्वज्ञान त्याज्य मानावें, असें आम्हांस वाटत नाहीं.

ज्या मांडणीविषयीं आम्ही बोलत आहों ती बहुतेकांच्या पाहण्यांतली आहे. लादी लांबट असते. तिची लांबी रुंदीच्या दुप्पट. एक थर आडवा लावला कीं त्यावरचा थर अर्ध्या लादीनें सरकवून लावावयाचा, म्हणजे वरच्या लादीचा मध्य खालच्या दोन लाद्यांच्या सांध्यावर येतो. विटांच्या बांधकामांत आपले गवंडी यालाच सांधेमोड म्हणतात. न्यूयॉर्क शहराची भुयारी रेल्वे २७ ऑक्टोबर १९०४ रोजीं सुरू झाली, तेव्हां तिच्या स्थानकांचे वास्तुशिल्पज्ञ हाइन्स आणि लाफार्ज यांनीं भिंतींना ३ इंच रुंद आणि ६ इंच लांब अशा पांढऱ्या झिलईच्या लाद्या याच रीतीनें बसविल्या. जमिनीच्या पोटांत उजेड थोडा. पांढरी झिलई तो परत फेंकते, आणि धुतली कीं स्वच्छ होते. हे दोन्ही गुण न्हाणीघरास हवेच असतात. म्हणून ही लादी पुढें घरोघरीं गेली, आणि आज पुण्या-मुंबईच्या दुकानांतहि ती 'सबवे टाइल' या नांवानेंच विकली जाते.

आतां अडचण अशी कीं, लादी कारखान्यांत मापानें तयार होते आणि भिंत मात्र जागेवर, जशी जमेल तशी, उभी राहते. भिंत ६० इंच लांब असली तर ६ इंचांच्या १० लाद्यांत ती नेमकी भरते. (सांध्यांची जाडी हिशेबाच्या सोयीसाठीं आम्ही तूर्त सोडून देतों.) पण भिंती अशा आज्ञाधारक क्वचितच असतात. ती ६२ इंच निघते, आणि दोन इंच उरतात. शिवाय तिचा एक कोपरा ओळंब्यांत नसतो, दुसरा गुण्यांत नसतो. खालची जमीन तर पाणी मोरीकडे वाहावें म्हणून मुद्दामच उतरती केलेली असते. सारांश, प्रत्यक्ष भिंतीला लादीच्या मापानें भागलें असतां बाकी उरतेच. या बाकीला आपण शेष म्हणूं. लादी कापल्यावांचून शेष भरतां येत नाहीं. तेव्हां शेष टाळावा कसा, हें विचारून फारसें कांहीं साधत नाहीं. तो कोठें ठेवावा, हें विचारावें लागतें. आमच्या मतें हाच प्रश्न सर्व प्रकारच्या वांटणीच्या न्यायाच्या मुळाशीं आहे.

शेषाची व्यवस्था लावण्याच्या रीति तीन आहेत. पहिली रीत सर्वांत सोपी. दाराजवळच्या कोपऱ्यांतून पुरी लादी लावीत निघावें आणि पुढचें पुढें पाहावें. असें काम सुरुवातीला फार सुरेख दिसतें. दुपारपर्यंत अर्धी भिंत भरते, घरधनी प्रसन्न होतो. मग दुसरा कोपरा येतो, आणि तेथें कधीं पाऊण लादी, तर कधीं बोटभर रुंदीची कपची बसवावी लागते. झिलईची लादी इतकी अरुंद कापतांना बहुधा तडकते. कशीबशी कापली तरी तिची कड ओबडधोबड राहते. आणि पाहणाराची दृष्टि बाकीची सारी भिंत सोडून तेवढ्याच कपचीवर जाते. येथें कोणी दुष्टपणा केला असें म्हणतां येत नाहीं. कोपऱ्याशीं कोणाचें वैर नव्हतें. त्याचा अपराध एवढाच कीं, तो शेवटीं आला.

हें वाचतांना आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना आपल्याच घरचा एक देखावा आठवेल. पहिली पंगत पुरुषांची व मुलांची, आणि रांधणारी शेवटीं बसणार, ही रीत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालली आणि अनेक घरांत ती अजूनहि चालूं आहे. तिच्या पानांत काय पडावें हें कोणी ठरविलेलें नसतें. भांड्याच्या तळाशीं जें राहील तें तिचें. एखाद्या दिवशीं भाजी उरते, एखाद्या दिवशीं नुसता रस्सा. सासू, नवरा, मुलें यांपैकीं कोणीहि तिला उपाशी ठेवूं इच्छीत नाहीं. विचारलें तर सर्वजण तसें शपथेवर सांगतील, आणि तें खरेंहि असेल. कालव्याच्या शेवटच्या टोकास ज्याचें शेत असतें त्या शेतकऱ्याचीहि हीच कथा. वरचे सर्व आपापलीं शेतें भिजवितात, आणि टोकाला ओल पोंचेपर्यंत पाळी संपते. म्हणूनच पाणी टोकाकडून मुखाकडे देत यावें, असें जाणते लोक सांगतात. जगांतील पुष्कळसा अन्याय द्वेषानें होत नाहीं. तो आधीं आंखणी न केल्यानें होतो. जो शेष कोणाच्याहि वांट्याला लावून दिलेला नसतो, तो आपोआप शेवटच्याच्या वांट्याला जातो.

दुसरी रीत अधिक चतुर आहे. शेष एकाच ठिकाणीं पडूं न देतां तो सर्व सांध्यांत थोडाथोडा मुरवावा. भिंत साडेसाठ इंच असली तर उरलेला अर्धा इंच दहा सांध्यांत वांटला असतां प्रत्येकाच्या वांट्याला इंचाचा विसावा हिस्सा येतो, आणि तो डोळ्यास दिसत नाहीं. या रीतीस अप्रामाणिक म्हणण्याचें कारण नाहीं. प्रत्येकानें केसाएवढें सोसलें तर कोणा एकाला हातभर सोसावें लागत नाहीं, हें तर विम्याचेंहि तत्त्व आहे. पण या रीतीला मर्यादा आहे. दोन इंच असेच वांटूं गेल्यास प्रत्येक सांधा इंचाच्या पांचव्या हिश्श्यानें फुगतो, आडवे सांधे बारीक आणि उभे जाड असा विद्रूप प्रकार होतो, आणि एक कोपरा वांचविण्यासाठीं सगळी भिंत बिघडते.

संगीताची आवड असणाऱ्या वाचकांस येथें पेटीचें उदाहरण देतां येईल. षड्जापासून शुद्ध पंचम, मग त्या पंचमाचा पंचम, अशा बारा पायऱ्या चढत गेलें तर सात सप्तकें वर पुन्हा त्याच स्वरावर यावयास हवें. पण तसें होत नाहीं. आपण किंचित् पुढें जातों, आणि अर्ध्या स्वराच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याइतका शेष उरतो. पेटीच्या स्वररचनेंत तो बाराहि पंचमांत सारखा वांटून टाकलेला आहे. त्यामुळें कोणताच पंचम फार बेसूर नाहीं, आणि कोणताच अगदीं शुद्धहि नाहीं. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीवर बंदी घातली, आणि ती पुढें कांहीं दशकांनीं सैल झाली. त्या बंदीमागें इतरहि कारणें होतीं, पण स्वरांच्या या वांटणीविषयींची तक्रार त्यांपैकीं एक होती. त्या वादांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. समान वांटणीनें शेष नाहींसा होत नाहीं, केवळ अदृश्य होतो, आणि ज्याचा कान तयार आहे त्याला तो ऐकूं येतोच, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे पुरे.

तिसरी रीत आंखणीची. एकहि लादी चिकटविण्यापूर्वीं सारा हिशेब भिंतीवर मांडावयाचा. जाणता मिस्त्री प्रथम पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनें चारी भिंतींवर एकाच पातळीची खूण करतो. कारण उतरत्या जमिनीवर विश्वासून पहिला थर लावला तर तो उतार छतापर्यंत जातो. मग एका सरळ काठीवर लादी, सांधा, लादी, सांधा अशा खुणा करून ती काठी तो भिंतीला आडवी व उभी लावून पाहतो, आणि कोठें किती उरतें हें त्याला लादी न कापतांच कळतें. सर्वांत खालचा थर तो आरंभीं लावीतच नाहीं. पातळीच्या खुणेवर एक सरळ पट्टी ठोकून दुसऱ्या थरापासून सुरुवात करतो, आणि खालचा थर जमिनीच्या उताराबरहुकूम कापून शेवटीं बसवितो. हें पाहून 'आधीं कळस मग पाया' म्हणून कोणी हंसेल, तर त्याला हंसूं द्यावें. या कामांत पाया म्हणजे जमीन नव्हे. पाया म्हणजे ती पातळीची रेघ.

यानंतर मध्याचा प्रश्न येतो, आणि येथें विटेच्या मांडणीचें खरें वैशिष्ट्य दिसतें. साध्या मांडणींत, म्हणजे लादीवर लादी सरळ रचली असतां, नियम सोपा आहे. भिंतीचा मध्य काढावा, त्यावर एक तर लादीचा मध्य ठेवावा किंवा सांधा. या दोहोंपैकीं एका रीतीनें दोन्ही टोकांचे तुकडे सारखे आणि अर्ध्या लादीहून लहान नसलेले असे मिळतातच. विटेच्या मांडणींत ही निवड राहत नाहीं. एका थरांत मध्यावर सांधा असला तर वरच्या थरांत तेथें लादी येणारच. दोन्ही रीति एकाआड एक भोगाव्या लागतात. आपल्या ६२ इंचांच्या भिंतीवरच पाहूं. पहिल्या थरांत मध्यावर सांधा ठेवला तर दोहों बाजूंस ३१ इंच राहतात. त्यांत पांच लाद्या बसून टोकांस एकेक इंचाची कपची उरते. दुसऱ्या थरांत मध्यावर लादी येते. ती दोहों बाजूंचे तीन तीन इंच घेते, आणि राहिलेल्या २८ इंचांत चार लाद्या बसून टोकांस चार चार इंचांचे तुकडे येतात. प्रत्येक थर आपल्यापुरता अगदीं समतोल आहे. डावीकडे जेवढें, तेवढेंच उजवीकडे. आणि तरीहि छतापर्यंत एकाआड एक थराला दोन्ही टोकांनीं कपच्या लागलेल्या आहेत.

आतां मध्याचा आग्रह थोडा सोडून सारी मांडणी पाव लादीनें, म्हणजे दीड इंचानें, डावीकडे सरकवूं. पहिल्या थरांत डाव्या टोकाला साडेपांच इंचांचा तुकडा येतो आणि उजव्या टोकाला अडीच इंचांचा. दुसऱ्या थरांत नेमकें उलट होतें. डावीकडे अडीच, उजवीकडे साडेपांच. आतां कोणताहि एक थर स्वतंत्रपणें पाहिला तर तो समतोल नाहीं. पण दोन थर मिळून पाहिले तर डाव्याउजव्यांत कांहींच भेद नाहीं, आणि सगळ्या भिंतींत अडीच इंचांहून लहान तुकडा नाहीं. थोडा हिशेब केला तर वाचकांस दिसून येईल कीं, भिंत कितीहि लांबीची असो, मध्यावरची मांडणी आणि पाव लादीनें सरकविलेली मांडणी या दोहोंपैकीं एकींत सर्वांत लहान तुकडा पाव लादीहून कमी भरत नाहीं. अर्ध्या लादीची हमी ही मांडणी देऊं शकत नाहीं, पावाची देते.

या साध्या अंकगणितांत आम्हांस एक मोठी गोष्ट दिसते. प्रत्येक दिवशीं, प्रत्येक व्यवहारांत, दोन्ही पारडीं बरोबर असलींच पाहिजेत असा हट्ट धरणारा मनुष्य पुष्कळदां दोन्ही बाजूंना कपच्याच देत असतो. नवराबायको, भाऊभाऊ, शेजारीशेजारी यांच्यांत जेथें रोजचा हिशेब रोज चुकता करण्याची पद्धत पडते, तेथें कोणाचेंहि फारसें नुकसान होत नाहीं, आणि कोणाच्याहि हातीं पुरेसें असें कांहीं येत नाहीं. उलट आज तुझा तुकडा लहान, उद्यां माझा, असें ज्यांना सोसतां येतें त्यांच्या हातीं दोन्ही दिवशीं कामास येईल एवढें तरी पडतें. मात्र या रीतीची एक अट आहे, आणि ती विसरली जाते म्हणूनच ही रीत बदनाम झाली आहे. दुसरा थर खरोखर उलटा लागला पाहिजे. 'या वेळीं तूं सोस' असें म्हणावयाचें आणि पाळी कधीं फिरवावयाचीच नाहीं, ही पहिलीच रीत गोड शब्दांत सांगितलेली आहे. ज्या घरांत 'या वर्षीं मोठ्याचें शिक्षण होऊं दे, धाकटीचें पुढें पाहूं' असें म्हटलें गेलें आणि धाकटीची पाळी कधीं आलीच नाहीं, त्या घराला पाळीच्या न्यायाचें नांव घेण्याचा अधिकार नाहीं.

मध्य काढावयाचा तो कशाचा, हाहि प्रश्न सोपा नाहीं. भिंतीचा मध्य एके ठिकाणीं असतो, खिडकीचा दुसऱ्या, नळाचा तिसऱ्या. तिघांचेंहि समाधान करूं म्हटल्यास कोणाचेंच होत नाहीं. सामान्य नियम असा कीं, दार उघडतांच जी भिंत समोर येते तिला पहिला मान द्यावा, आणि तींत खिडकी असेल तर खिडकीच्या दोहों अंगांचे तुकडे सारखे येतील असें पाहावें. पण प्रत्येक न्हाणीघरांत हा नियम जसाच्या तसा लागू पडेलच असें नाहीं. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या पांचव्या भागांत कायद्याचा न्याय आणि समदृष्टि यांतील भेद सांगतांना लेस्बॉस बेटांतील बांधकामांत वापरल्या जाणाऱ्या शिशाच्या पट्टीचा दाखला दिला आहे. ही पट्टी ताठ राहत नाहीं. दगडाचा जसा आकार तशी ती वांकते. कायदा सर्वसामान्य शब्दांत बोलतो म्हणून विशिष्ट प्रसंगीं तो अपुरा पडतो, आणि तेथें त्या पट्टीसारखा निर्णय लागतो. मिस्त्रीच्या हातांतली काठी सरळच हवी. पण ती कोठें टेकवावी हें ठरविणारी बुद्धि शिशाची असावी.

आतां चारी भिंतींचा एकत्र विचार करूं. एका भिंतीच्या टोकाला अडीच इंच बसवून त्याच लादीचा उरलेला साडेतीन इंचांचा तुकडा शेजारच्या भिंतीच्या आरंभीं लावला, तर मांडणी कागदासारखी कोपऱ्यांत दुमडून पुढें गेल्याचा भास होतो. ही शोभा मोठी आहे. पण अशा रीतीनें चार भिंती फिरून आल्यावर शेष कोठें गेला? तो मिटलेला नसतो. कोपऱ्याकोपऱ्यानें पुढें सरकत शेवटच्या कोपऱ्यांत येऊन उभा राहतो. म्हणून जाणता मिस्त्री आरंभींच ठरवितो कीं, हा शेवटचा कोपरा दाराच्या पाठीमागचा असावा. आपल्या पंचांगकर्त्यांनीं तरी दुसरें काय केलें? चांद्र वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें आणि सौर वर्ष सुमारें ३६५ दिवसांचें; दर वर्षीं अकरा दिवसांचा शेष उरतो. तो मोकळा सोडला असता तर दिवाळी हळूहळू पावसाळ्यांत आणि पुढें उन्हाळ्यांत गेली असती. तो सांठवून, सरासरीनें साडेबत्तीस महिन्यांनीं एक अधिक मास घालण्याची योजना त्यांनीं केली. विशेष हें कीं, या जादा महिन्याला मलमास म्हणून हिणविलें, आणि त्यालाच पुरुषोत्तममास हें नांव देऊन दानाचा व व्रताचा महिनाहि केलें. आपल्याकडे जांवयाला तेहतीस अनारशांचें वाण मिळतें तें याच उरलेल्या दिवसांच्या जिवावर. शेषाला ठरलेली जागा मिळाली कीं त्याची लाज वाटेनाशी होते.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. दाराच्या पाठीमागें दोष ठेवणें म्हणजे पाहुण्यास फसविणेंच नव्हे काय? आणि मुळांत ही विटेची मांडणीच खोटी नाहीं काय? विटांच्या भिंतींत सांधेमोड करतात ती वरचें वजन खालीं पसरावें आणि उभी फट एका रेघेंत जाऊं नये म्हणून. लादीवर कसलेंच वजन नसतें; ती पाठीमागच्या भिंतीला धरून असते. मग तिनें विटेचा आव कां आणावा? रस्किननें वास्तुकलेच्या सात दीपांवर १८४९ सालीं जो ग्रंथ लिहिला, त्यांतील सत्याच्या दीपाच्या प्रकरणांत अशा सोंगांवर कडक टीका आहे. तथापि विटेच्या भिंतीला संगमरवराचें आवरण घालण्यास त्यानें दोष दिला नाहीं. मात्र तें आवरण आहे हें सर्वांना कळलेलें असावें. व्हिएन्नाचा वास्तुशिल्पज्ञ आडोल्फ लोस यानेंहि १८९८ च्या एका लेखांत असाच दंडक घातला कीं, आवरण आणि त्याखालची वस्तु यांची गल्लत होतां कामा नये. या कसोटीस आपली लादी उतरते. पांढरी, चकचकीत, बोटाहून पातळ लादी पाहून ही वीट आहे असें कोणालाहि वाटत नाहीं.

शिवाय जुनें कारण गेलें तरी या मांडणीनें एक नवें काम पत्करलें आहे. सरळ रचनेंत उभे सांधे जमिनीपासून छतापर्यंत एका रेघेंत जातात; एखादी लादी केसभर लांब निघाली तरी ती रेघ वांकडी दिसते. विटेच्या मांडणींत उभी रेघ प्रत्येक थरावर तुटते, म्हणून असे बारीक फरक तिच्यांत जिरून जातात. ही मांडणी क्षमाशील आहे. पण क्षमेलाहि प्रमाण लागतें. भट्टींत भाजतांना लांब लाद्या किंचित् कमानीसारख्या वांकतात. मध्य उंच, टोकें खालीं. त्या अर्ध्यावर सरकविल्या असतां एकीचा सर्वांत उंच भाग दुसरीच्या सर्वांत खोल भागाशेजारीं येतो, आणि हात फिरविला तर बोटांना पायरी लागते. म्हणून १५ इंचांहून लांब लाद्या अर्ध्यावर न सरकवितां फार तर एकतृतीयांशानें सरकवाव्या, असें अमेरिकेंतील प्रमाणनियम सांगतात. लहानांत जो नियम शोभतो तो मोठ्यांत जसाच्या तसा चालत नाहीं.

राहिला दारामागच्या कोपऱ्याचा आक्षेप. झांकणें सर्वच सारखें नसतें. शेष हा कोणाचा अपराध नाहीं; तो भिंत आणि लादी यांच्या मापांतला भेद आहे. त्याला कमी दिसणारी जागा देणें हें घरांतल्या माणसाच्या व्यंगाची चारचौघांत चर्चा न करण्यासारखें आहे. पण लादीच्या पाठीमागें माल पुरा न भरतां चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून ती चिकटविली, तर तेथली पोकळीहि झांकलेलीच असते. बोटानें वाजविली तर ती लादी पोकळ बोलते, आणि पुढें पाणी शिरून एके दिवशीं निखळून पडते. दारामागें जें ठेवलें तें घरधन्याला आणि विचारील त्या प्रत्येकाला उघडपणें सांगतां येतें. लादीमागें जें ठेवलें तें सांगतां येत नाहीं. आमच्या मतें शोभा आणि लबाडी यांतली सीमारेषा हीच. झांकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण दोघांनाहि सारखीच सोयीची आहे. म्हणून मूठ उघडून दाखविण्याची तयारी आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावें.

आंखणीची इतकी स्तुति केल्यावर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आंखणीला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणाचा? आपल्याकडे लादीकामाची मजुरी बहुधा चौरस फुटावर ठरते. काठी आणि नळी घेऊन मिस्त्री सकाळभर भिंतीपुढें उभा राहिला तर त्या वेळाचा एक पैसाहि त्याच्या पदरांत पडत नाहीं. उलट संध्याकाळीं घरधनी येऊन 'आज एकहि लादी लागली नाहीं?' असें विचारतो. विटेच्या मांडणींत कापणी अधिक, म्हणून लाद्यांची नासहि अधिक. हिशेबाहून सुमारें दहा टक्के लाद्या जास्त आणाव्या असें जाणते सांगतात. पण तो खर्च वांचविण्याची सूचना घरधन्याकडूनच येते. आणि मग शेवटच्या कोपऱ्यांत कपची दिसली म्हणजे तिचें खापर मिस्त्रीच्या माथीं. जो विचाराची मजुरी देत नाहीं, त्याला अविचाराच्या कामाबद्दल रागावण्याचा हक्क कितपत आहे? आम्ही ज्या धंद्यांत आयुष्य घालविलें त्या शिक्षकाच्या धंद्यालाहि आतां चौरस फुटाचें माप लागत चाललें आहे. किती तास घेतले, किती उत्तरपत्रिका तपासल्या, हें मोजलें जातें. वर्गांत जाण्यापूर्वीं जो घटकाभर विचार करीत बसला त्याची ती घटका कोणत्याच रकान्यांत बसत नाहीं. रुग्णालयें आणि कचेऱ्या यांतहि हेंच दिसतें. मग सर्वचजण पहिल्या रीतीनें कामें उरकूं लागतात, आणि सगळ्याच संस्थांच्या शेवटच्या कोपऱ्यांत कपच्या सांपडूं लागतात.

न्याय म्हणजे जींत कांहीं शेष उरत नाहीं अशी वांटणी, अशी एक भाबडी कल्पना आपल्या मनांत असते. आणि तशी वांटणी जगांत आढळत नाहीं म्हणून कित्येकांचा न्यायावरचाच विश्वास उडतो. दुसरे कित्येक 'कोठें ना कोठें कमीजास्त व्हावयाचेंच' असें म्हणून हात झटकतात. दोघेहि एकच गोष्ट विसरतात. शेष उरणें आपल्या हातीं नाहीं, पण तो कोणाच्या वांट्याला जावा हें आपल्या हातीं आहे; आणि तेंहि काम सुरू होण्यापूर्वींच काय तें असतें. पहिली लादी चिकटली कीं शेवटच्या कोपऱ्याचें नशीब ठरलें. तेव्हां कोणत्याहि वांटणीस आरंभ करण्यापूर्वीं शेवटच्या कोपऱ्याशीं जाऊन उभें राहावें, येथें काय येणार हें मोजावें, आणि कमी येणार असेल तर तें आधींच सांगून, पुढची पाळी केव्हां फिरणार हेंहि ठरवावें. यासाठीं दर वेळीं काठी आणि नळीच लागते असें नाहीं. पहिली पंगत वाढण्यापूर्वीं रांधणारीचें ताट आधीं काढून ठेवणें, एवढीच कित्येकदां आंखणी असते.